अलाइव्ह अँड किकिंग, मुक्काम तुडील

कचेरीत काम साचतं, ही लोकांची जुनी तक्रार. किस्से साचतात, त्याबद्दल मात्र आजवर एकानेही अर्ज दिलेला नाही. कामाचा कधी ना कधी निकाल लागतो. कोणी रिटायर होतं, कोणी मरतं, कागदाला वाळवी लागते. किश्शांना वाळवी लागत नाही.

आम्ही चार-पाच रिटायर मंडळी संध्याकाळी महाडात तळ्याच्या कठड्यापाशी बसतो. एकाने एक सोडला की दुसऱ्याच्या पोटातला जागा होतो. परवा आमच्यातला एक जण डॉक्टरकडून आला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "सगळे रिपोर्ट नॉर्मल. अलाइव्ह अँड किकिंग!"

आम्ही तिघे एकदम हसलो. तो बिचारा गोंधळला. त्याची नोकरी बँकेत झाली, आमच्या कचेरीत नाही. या तीन शब्दांचा अर्थ त्याने डिक्शनरीतून घेतलेला. आम्ही तो सोनाबाईकडून घेतला.

*

जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हाची गोष्ट. आमची कचेरी कोणती ते विचारू नका. महाडात कचेऱ्या पुष्कळ होत्या आणि दुपारी दोन ते चार सगळ्या सारख्याच दिसत. कौलांच्या फटीतून आलेले कवडसे फायलींच्या गठ्ठ्यांवरून सरकत सरकत भिंतीपर्यंत जात. पंखा असा फिरे की त्याची पाती मोजता यावीत. सावित्रीवरून ओलसर वारा आला की टेबलांवरचे कागद जरासे उठत, इकडेतिकडे पाहत आणि पुन्हा निजत.

आमचे अव्वल कारकून अण्णा यांना डोळे उघडे ठेवून झोपण्याची विद्या साध्य होती. हातात पेन, समोर कोरा कागद, नजर खिडकीबाहेर. पाहणाऱ्याला वाटे, मजकूर सुचत नाहीये. एकदा एक अर्जदार त्यांच्यासमोर पाऊण तास उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेबांनी लई शांतपणे ऐकून घेतलं."

अशा या निद्रिस्त संस्थानात पुण्याहून एक तरणेबांड साहेब आले. आमच्याकडे मोठ्या साहेबाला रावसाहेब म्हणायची चाल. या रावसाहेबांचा चैतन्यावर विश्वास होता. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शाळेकडून एक मोडका फळा मागवला, दाराशेजारी टांगला आणि रोज सकाळी त्यावर स्वहस्ते एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायला सुरुवात केली. दिवसभरात प्रत्येकाने तो एकदा तरी वापरायचा, असा तोंडी हुकूम होता. लेखी असता तर आम्ही फायलीला लावून विसरून गेलो असतो. तोंडी हुकमाची हीच पंचाईत.

*

दसरा होऊन गेला होता. त्या दिवशी फळ्यावर 'अलाइव्ह अँड किकिंग' होतं. रावसाहेबांनी अर्थ सांगितला. अक्षरशः म्हणजे जिवंत आणि लाथा झाडत असलेला. खरं म्हणजे चांगला खणखणीत, हालताबोलता.

"म्हंजे आमची म्हस," रामजी म्हणाला. हा आमचा शिपाई, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातली त्याची वाडी. साहेबांसमोर बोलायची भीती त्याला कोणी कधी शिकवलीच नव्हती.

"पण लाथा कशाला, रावसाहेब?" अण्णांनी डोळे उघडेच असल्याचा फायदा घेऊन विचारलं. "नुसतं जिवंत असून भागत नाही?"

रावसाहेबांनी आमच्या टेबलांवरून एक सावकाश नजर फिरवली. "इंग्रजांचं भागत नाही, अण्णा. आपलं भागतं."

एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, किडकिडीत, निळ्या काठाचं लुगडं, काखेत छत्री. तिने आधी फळ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे आणि मग खणखणीत आवाजात विचारलं, "मेलेल्या माणसांचं टेबल कोणचं?"

रामजीने माझ्याकडे बोट दाखवलं. निवडणूक शाखा माझ्याकडे होती.

*

सोनाबाई गणू, मुक्काम तुडील, बौद्धवाडी. तिचं नाव मतदार यादीतून 'मयत' म्हणून खोडलं गेलं होतं.

झालं होतं ते असं. वाडीत सोनाबाई दोन. एक गणूची, एक धर्माची. चुलत जावा. पावसाळ्यात धर्माची सोनाबाई वारली. यादी तपासायला गेलेल्या गृहस्थांनी तुडीलची यादी तुडीलच्या धक्क्यावरच तपासली. त्या काळी सगळे तसंच करत. होडीवाल्याच्या ओसरीवर बसायचं, तो सांगेल ते लिहायचं आणि परतीची होडी पकडायची. होडीवाल्याला गावातलं सगळं ठाऊक असतं, आणि चिखलातून वाडीपर्यंत जायचं कोणी? होडीवाला म्हणाला, सोनाबाई गेली. गृहस्थ यादी वरून वाचत आले. पहिली सोनाबाई दिसली, तिच्यावर तांबडी रेघ मारली आणि होडीत जाऊन बसले. दुसरी सोनाबाई असू शकेल, ही शंका यायला माणूस थोडा वेळ तरी धक्क्यावर थांबावा लागतो.

म्हणजे जी मेली ती यादीत जिवंत, आणि जी समोर उभी ती मयत.

"होळीच्या आगंमागं मतदान हाय म्हणतात," सोनाबाई म्हणाली. "पैल्या निवडणुकीपासून माजं एक मत चुकलेलं नाय. पोरगं पोटात होतं तरी गेलेय, ताप होता तरी गेलेय. तोवर मला जिती करा, भाऊसाहेब."

"अर्ज द्यावा लागेल, आजी. चौकशी होईल. वेळ लागतो."

"किती?"

मी अर्जाचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने काखेतली छत्री टेबलावर आडवी ठेवली.

"माजा बाप मला घेऊन या महाडात तळ्यावर आला होता, तेव्हा मी धा वर्सांची होते. तेव्हा माजी मोजदाद कोणी केली नसंल. आता केलीय. एकदा मोजलेली बाई खोडायची नाय."

रावसाहेब केबिनच्या दारात उभे होते. ते फळ्यापाशी गेले, खडूने त्या तीन शब्दांखाली रेघ ओढली आणि म्हणाले, "ही बाई यादीत जिवंत होत नाही तोवर हा फळा पुसायचा नाही."

रामजीने हातातला बोळा खाली ठेवला. हुकूम तोंडी होता.

*

आता बाई जिवंत आहे याला पुरावा काय? ती समोर उभी आहे हा पुरावा होत नाही, असं अण्णांचं म्हणणं. "समोर कोणीही उभं राहील," ते म्हणाले. पोलीस पाटलाचा दाखला, दोन पंचांचे जबाब, आणि मोठ्या साहेबाचा शेरा, एवढं हवं.

दाखला आला. जबाब पुढे व्हायचे होते. शेरा रावसाहेबांनी उत्साहाच्या भरात तिथल्या तिथे मारला. "अर्जदार समक्ष पाहिली. अलाइव्ह अँड किकिंग." खाली सही. अर्ज वरच्या कचेरीत गेला.

तीन आठवड्यांनी परत आला. समासात बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "शेऱ्यातील पहिल्या बाबीची नोंद घेतली. दुसऱ्या बाबीस आधार कोणता, याचा खुलासा व्हावा."

अण्णा दोन दिवस त्या खुलाशाचा मसुदा करत होते. डोळे उघडे, पेन हातात. आम्हाला भीती वाटू लागली की हे झोपले नसून खरंच विचार करतायत.

शेवटी रामजीच म्हणाला, "मावशीलाच एकदा वर धाडा ना. दुसऱ्या बाबीचा आधार जागेवरच मिळंल त्यांना!"

*

वाक्प्रचार पाठ करणं सोपं, तो कुठे वापरू नये हे कळणं अवघड. त्याच सुमारास रावसाहेबांचे सासरे पुण्याहून आले. पंचाहत्तरी गाठलेले, रेशमी टोपी, रोज चार मैल चालणारे. ते कचेरीत डोकावले. अण्णा उठले, नमस्कार केला आणि दिवसाचा वाक्प्रचार वापरण्याचा हुकूम आठवून मोठ्याने म्हणाले, "वा! सासरेबुवा अगदी अलाइव्ह अँड किकिंग!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने छताकडे पाहिलं.

ते गेल्यावर रावसाहेबांनी आम्हाला फळ्यासमोर उभं करून समजावलं. "असं कोणालाही म्हणायचं नसतं! ज्याचं आटोपलं अशी लोकांची समजूत झालेली असते आणि तो अजून असतो, त्याच्याबद्दल हे म्हणतात. तरुण माणसाला, लहान पोराला कोणी म्हणेल का? जिथे शंका नाही तिथे हे म्हटलं की शंका उत्पन्न होते."

ती उत्पन्न झालीच होती. सासरे दुसऱ्या दिवशीच्या एसटीने पुण्याला गेले आणि त्यांनी स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

*

याच रावसाहेबांनी आम्हाला एकदा शिवथरला नेलं. कचेरीत चैतन्य येत नाही, तर कचेरीच चैतन्याकडे न्यावी, असा विचार. घळीपाशी पोचलो. वरून पाण्याचा पडदा पडत होता, दरीत हिरवा काळोख होता, आणि त्या एकसुरी घोषात शब्द तोंडातून निघायच्या आधीच विरघळत होते. रावसाहेब एका दगडाला टेकले आणि म्हणाले, "इथे माणूस कसा खडबडून जागा होतो, पाहा."

पाच मिनिटांनी ते घोरू लागले. पाठोपाठ अण्णा, त्यांचे डोळे त्या दिवशी प्रथमच मिटलेले पाहिले. माझंही मन पाण्याबरोबर कुठेतरी खाली वाहत गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती रामजीच्या आवाजाने. तो रावसाहेबांच्या नाकाशी आडवं बोट धरून वाकला होता.

"अलाइव्ह हायत," त्याने मला सांगितलं. "किकिंगचं काय सांगवत नाय."

*

पंचांचे जबाब घ्यायला मी तुडीलला गेलो तेव्हा थंडी पडली होती. सकाळी नदीवर धुकं असं बसलं होतं की होडी पाण्यात चाललीय की ढगात, ते वल्ह्याच्या आवाजावरूनच कळावं. होडीवाला तोच, यादीवाल्या गृहस्थांना माहिती पुरवणारा. बिचारा ओशाळला होता.

"मी सोनाबाय गेली म्हटलं, ते काय खोटं नव्हतं," तो म्हणाला. "कोणची, असं त्यांनी इचारलं नाय. इचारलं असतं तर मी बसवून सांगितलं असतं. दोघींची भांडणं सांगायची तर एक भरती-ओहोटी पुरायची नाय."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. तुडीलच्या काठाला धुण्याचे दोन दगड. एक सपाट, ऐसपैस. दुसरा तिरका, त्यावर कपडा ठेवला की घसरतो. सपाट दगड कोणाचा, यावरून दोघी सोनाबायांचं तीस वर्षं भांडण. जी आधी येईल तिचा, म्हणून दोघी कोंबडा आरवायच्या आधी उठत. मग दोघी एकमेकींच्या आधी उठू लागल्या. "शेवटी तर कोंबडाच त्यांच्या भांडणानं उठायचा!"

"आणि मत? तेही वेगळं?"

"म्हंजे काय! गणूची जिकडं, धर्माची बरोब्बर उलट. गावात म्हणायचे, या दोघी घरी बसल्या तरी निकालात फरक पडायचा नाय."

वाडीत पोचलो तर सोनाबाई घरी नाही. गुडघे धरलेत म्हणून सवला, गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलेली. पंचांना होडीत घातलं आणि सवला निघालो.

कुंडावर वाफ अशी दाटली होती की माणसं नव्हतीच, नुसते आवाज होते. कोणी खोकत होतं, कोणी हुश्श करत होतं. मी काठावर उभा राहून, कागद ओला होऊ नये म्हणून कोटाच्या आत धरून, पंचांना कायदेशीर प्रश्न विचारला, "सोनाबाई गणू यांना आपण आज रोजी समक्ष पाहत आहात काय?"

दोघेही पंच प्रामाणिक. त्यांनी वाफेत डोळे ताणले. "नाय, दिसत नाय."

वाफेतून आवाज आला, "आरं मुडद्यांनो, हितं हाय मी! त्यांना सांगा हाय म्हणून!"

पंच म्हणाले, "लिवा भाऊसाहेब. तीच हाय."

*

जबाब झाले, खुलासा झाला, कागद पुन्हा वर गेला. आणि संक्रांतीच्या सुमारास रावसाहेबांची ट्रान्सफर झाली. निरोपाच्या चहाला त्यांनी फळ्याकडे एकदा पाहिलं, मला म्हणाले, "लक्ष ठेवा," आणि गेले. नवे साहेब आले. त्यांना चैतन्याची आवड नव्हती, त्यामुळे त्यांचं आमच्याशी चांगलं जमलं. फळ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" अण्णा म्हणाले, "आधीच्या साहेबांच्या हुकमाने आहे." नव्या साहेबांनी मान डोलावली. आधीच्याचा हुकूम न बदलणं हे सगळ्यात कमी कष्टाचं काम.

सोनाबाई दर गुरुवारी येई. होडीने नदी ओलांडून, मग एसटीने. दारात उभी राहून विचारी, "झाले मी?" आम्ही म्हणायचो, "अजून नाही, आजी." ती फळ्याकडे बघे. अर्थ तिला रामजीने सांगितला होता. "माजं नाव तिथं कवापासून हाय," ती म्हणे, "यादीतच तेवढं नाय."

होळी जवळ आली तसं अण्णांना वाईट वाटू लागलं. एका गुरुवारी त्यांनी तिला खुर्ची दिली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्जदाराला दिलेली ती पहिली खुर्ची.

"बाई, एक सांगतो, माझं नाव घेऊ नका," अण्णा हळूच म्हणाले. "यादीत सोनाबाई धर्मा आहे ना? तुम्ही सोनाबाई. ती सोनाबाई. केंद्रावर नवऱ्याचं नाव विचारलं की धर्मा म्हणायचं. दोन्ही नवरे आता हयात नाहीत, तक्रार कोण करणार? मत दिल्याशी कारण."

सोनाबाई खुर्चीतून उठली.

"तिचं मत मी देऊ? त्या भांडखोर बाईचं?" तिचा आवाज चढला. "तीस वर्सं तिनं मला सपाट दगडावर बसू दिलं नाय. तिच्या नावावर मी कशाला बसू? आणि मत तिचं असंल तर ते तिच्यावानीच द्यायला नको? मी दिलं तर ती वर बसून काय म्हणंल मला!"

अण्णांनी डोळे उघडे ठेवले. पण या वेळी ते झोपेत नव्हते.

*

मतदानाला दोन आठवडे उरले आणि वरून उत्तर नाही. चौकशी केली तर कळलं, हुकूम केव्हाच निघालाय. पण टपाल चुकून पोलादपूरला गेलंय. आमच्या कचेरीचा एक कोपरा तिथे होता. एक खोली, एक कपाट, आणि आमच्यापेक्षाही निवांत असे एक कारकून.

मी आणि रामजी सकाळच्या गाडीने गेलो. पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी. सकाळी डोंगरावरून उतरलेलं धुकं तिथे असं राहायला येतं की रस्त्याच्या पलीकडचं दुकान ही अफवा वाटावी. कचेरी सापडेना. रामजी, ज्याचा जन्म तिथला, तोही एका पिंपळाभोवती दोनदा फिरला. शेवटी एका खिडकीतून घोरण्याचा आवाज आला, तेव्हा कचेरी सापडली.

कारकून बाकावर आडवे होते. उशाला टपालाचा गठ्ठा, त्यावर घडी केलेला पंचा. रामजीने त्यांच्या डोक्याकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "आधी कोणाला उचलू?"

गठ्ठ्यात खालून तिसरा कागद आमचा होता. कारकून उठून बसले, डोळे चोळले आणि म्हणाले, "त्यातला एकही कागद हरवलेला नाही. मी जातीने सांभाळतो."

खरंच होतं. सोनाबाई महिनाभर त्यांच्या डोक्याखाली सुखरूप होती. हुकमात लिहिलं होतं, सोनाबाई गणू हिचं नाव पुरवणी यादीत घ्यावं. सोनाबाई धर्मा हिचं मयत म्हणून वगळावं. दुसऱ्या बाबीच्या आधाराबद्दल काही लिहिलं नव्हतं. ती त्यांनी मान्य केली असावी.

गाडीत बसल्यावर मी सहज कारकुनाबद्दल म्हटलं, "अलाइव्ह अँड..."

"नगा म्हणू, भाऊसाहेब," रामजी म्हणाला. "पुरावा मागतील."

*

पुरवणी यादी टाइप झाली तो गुरुवारच होता. सोनाबाई दारात आली. "झाले मी?"

"झालात, आजी."

यादीतल्या त्या ओळीवर तिने बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ ठेवलं. मग विचारलं, "आणि ती?"

"तिचं नाव काढलं. नियमाप्रमाणे."

"हां. काढायलाच पायजे," ती म्हणाली. पण बोट यादीवरून उचलायला तिला थोडा वेळ लागला.

ती गेल्यावर रामजीने बोळा ओला करून फळा पुसला. पाच महिन्यांची खडूची अक्षरं निघाली, पण त्यांची सावली राहिली. उन्हाचा कवडसा भिंतीवर आला की अजून वाचता येत होती.

*

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी तुडीलच्या शाळेत लागली. लागली म्हणजे मी लावून घेतली. बोटाला शाई लावण्याचं काम माझ्याकडे होतं.

दार उघडायच्या आधीच ती रांगेत पहिली उभी होती. नवं लुगडं, केसांना तेल. पायरीशी धुण्याची बादली ठेवलेली. मत देऊन तसंच नदीवर जायचा बेत. नाव पुकारलं, "सोनाबाई गणू." तिने "हाय!" म्हणून अशी साद दिली की वर्गातली चिमणी उडाली. मी तिच्या बोटाला शाई लावली. जरा जास्तच लावली. मतपत्रिका घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

आणि बाहेर येईना.

एक मिनिट, दोन, चार. मागची रांग कुजबुजू लागली. केंद्राध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आडोशामागून शिक्क्याचा आवाज येत नव्हता. मग एकदाचा आला, ठप्प. ती बाहेर आली, घडी पेटीत टाकली, वरून दोनदा थापटली आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेली.

जरा उसंत मिळाल्यावर मी पाणी प्यायला ओसरीवर आलो. ती पायरीवर बसली होती, बोटावरची शाई वाळवत.

"दिलंत एकदाचं," मी म्हटलं. "झालं ना मनासारखं?"

"तिच्या."

"तिच्या म्हणजे?"

"तिच्या निशाणीवर मारला."

मतदान गुप्त असतं असा कायदा आहे. तो करताना सोनाबाईला कोणी विचारलं नव्हतं. निशाणी कोणती ते मी सांगणार नाही. निवडणूक शाखेतल्या माणसाची सवय अशी लवकर जात नाही.

"आजी!" मी म्हटलं. "पाच महिने खेटे घातलेत! तिचं मत मी देणार नाही म्हणून अण्णांच्या अंगावर धावलात!"

"तिच्या नावानं कुठं दिलं?" तिने शाईचं बोट माझ्यासमोर उभं धरलं. "बोट माजं हाय."

ती उठली, बादली उचलली आणि उतारावरून नदीकडे गेली. ओहोटी होती. धुकं विरत आलं होतं आणि पाण्यालगत दोन्ही दगड उघडे पडले होते. सपाट दगडावर ऊन आलं होतं. तिथे कोणी नव्हतं. सोनाबाईने लुगड्याचा ओचा खोचला, सपाट दगडाला वळसा घातला आणि तिरक्या दगडावर जाऊन बसली. पहिलाच कपडा घसरून पाण्यात गेला. तो तिने पकडला आणि त्या रिकाम्या दगडाकडे बघून काहीतरी जोरात बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण हातवारे भांडणाचे होते.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय बघताय, भाऊसाहेब?" ती ओरडली. "जावा तिकडं! जिती माणसं खोळंबलीत!"